दूरचा डॉक्टर आणि बहात्तर तास

प्रस्तुत लेखाचा विषय मी संपादक मंडळापुढे मांडला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, की औषधाच्या गोळीचा विषय कला शाखेच्या अंकात कशाला? विज्ञान शाखेच्या कोणीतरी तो लिहावा. प्रश्न वाजवी होता. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी जे घडले त्यात रसायनशास्त्राचा भाग फार थोडा होता. बाकी सारे समाजशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो तेच होते : घर, नाती, गाव, लाज आणि कायदा. शिवाय महाराष्ट्रात संततिनियमनाचा प्रचार ज्यांनी आयुष्यभर चिकाटीने केला ते रघुनाथ धोंडो कर्वे तरी कुठे डॉक्टर होते? ते गणिताचे प्राध्यापक होते. तेवढ्या आधारावर मी हे धाडस करीत आहे.

जे घडले ते वहिनीच्या परवानगीने लिहीत आहे. गावाचे नाव देऊ नकोस, एवढीच तिची अट. (आईला आता सर्व ठाऊक आहे. ते कसे कळले, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.)

माझा मोठा भाचरू तीन वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. दुसरे बाळंतपण सिझेरियनने झाले होते आणि निदान दोन वर्षे दिवस जाऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी निघताना बजावले होते. वहिनीची पाळी पुन्हा सुरू होऊन दोन महिने झाले होते. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास निरोध फाटला. रविवारी सकाळी दहा वाजता, मागच्या अंगणात धुणे धुताना, तिने मला हळूच विचारले, "ताई, तुमच्या कॉलेजातल्या मुलींना ती गोळी ठाऊक असते म्हणतात. खरं का?"

म्हणजे अकरा तास आधीच गेले होते.

दादा गावातल्या मेडिकलमध्ये गेला. दुकानदार त्याचा शाळासोबती. दुकानापुढे शेजारच्या काकू गुडघ्याचे मलम घ्यायला उभ्या होत्या. दादा डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन परत आला. काकू गेल्या असतील या हिशेबाने दुपारी एक वाजता पुन्हा गेला, तर रविवार म्हणून दुकानाचे शटर खाली. चौदा तास.

हे तास मी मोजते आहे ते विनाकारण नव्हे. या गोळीचे सारे शास्त्र तासांत आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते.

गोळीतील औषधाचे नाव लेव्होनॉर्जेस्ट्रेल. मात्रा दीड मिलिग्रॅम, एकदाच घ्यावयाची. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याची क्रिया ती लांबवते किंवा थांबवते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते, त्यामुळे संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो असे नसते. मध्ये काही अवधी असतो आणि त्या अवधीतच गोळीला आपले काम करावे लागते. स्त्रीबीज आधीच बाहेर पडले असेल तर गोळीचा उपयोग होत नाही. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. म्हणजे ही गर्भपाताची गोळी नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहिले आहे, कारण आमच्या वसतिगृहातील दहापैकी आठ जणींचा समज नेमका उलट असल्याचे मला आढळले.

तातडीच्या गर्भनिरोधनाची पहिली सर्वमान्य पद्धत १९७४ साली कॅनडातील डॉ. युझपे यांनी मांडली. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतील दोन संप्रेरके मोठ्या मात्रेत, बारा तासांच्या अंतराने दोनदा घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. मळमळ आणि उलट्या हा त्या पद्धतीचा मोठा दोष. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून एक पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. नुसते लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेणाऱ्या स्त्रियांत शंभरी १.१ जणींना दिवस गेले, तर जुन्या पद्धतीत ३.२ जणींना. त्याच पाहणीत वेळेचाही हिशेब होता. गोळी पहिल्या चोवीस तासांत घेतली तर अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी घेतली तर ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी घेतली तर ५८ टक्के. दुकानापुढच्या काकूंची किंमत काय, ते या तीन आकड्यांवरून काढता येते.

भारतात या गोळीला २००१ साली मान्यता मिळाली आणि २००५ साली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी देण्यात आली. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दादाला कोणत्याही डॉक्टरची गरज नव्हती. दुकानात जायचे, पैसे द्यायचे, गोळी घ्यायची. मग आम्ही ऑनलाइन डॉक्टर कशाला शोधला? माझ्या मते या लेखाचा खरा प्रश्न हाच आहे.

कारण वहिनीला गोळी हवी होती त्याहून अधिक उत्तरे हवी होती. अंगावर पिणारे मूल आहे, चालेल का? पोटावरचा टाका आताच भरून आला आहे, चालेल का? पुढे मूल होण्यात अडचण तर येणार नाही? हे प्रश्न दुकानदाराला, तोही नवऱ्याचा मित्र, कोण विचारणार? गावातील डॉक्टरांकडे जावे तर तेथे नाव पुकारणारा मुलगा आमच्याच आळीतला. तालुक्याच्या बाईंचा दवाखाना रविवारी बंद. मोबाइलवर मात्र रविवार नसतो. मी एका ऑनलाइन सल्ला देणाऱ्या सेवेवर वहिनीचे नाव नोंदवले.

अर्ज सारा इंग्रजीत. वहिनी दहावी झालेली आहे, पण त्या अर्जापुढे तिचे शिक्षण आणि माझे बी.ए. सारखेच लंगडे पडले. फी भरल्यावर चाळीस मिनिटांनी फोन आला. घरात रेंज नाही म्हणून आम्ही दोघी गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी. पलीकडे एक डॉक्टर बाई होत्या, परप्रांतातल्या. त्या हिंदीत बोलत होत्या. "आखिरी माहवारी कब आयी थी?" असे त्यांनी विचारले. वहिनीने ते 'माहेरवारी' असे ऐकले आणि "दिवाळीत" म्हणून उत्तर दिले. उन्हाळ्याचे दिवस! डॉक्टर बाई क्षणभर गप्पच झाल्या. मी मध्ये पडून खुलासा केला तेव्हा दोन्हीकडे हसू फुटले, आणि खरे सांगायचे तर त्या हसण्यानेच वहिनीचा आवाज मोकळा झाला.

त्यानंतर डॉक्टर बाईंनी मला बाजूला व्हायला सांगितले. रुग्ण कोण आहे, तिच्याशीच मला बोलू द्या, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले. मला तेव्हा थोडा राग आला. आता त्यांचे म्हणणे पटते. वहिनी स्वतःच्या मनाने विचारते आहे की घरातले कोणी तिच्या तोंडून विचारवून घेते आहे, हे ओळखण्याचा दूर बसलेल्या माणसाला दुसरा मार्ग नाही.

त्यांनी काय विचारले ते वहिनीने मला नंतर सांगितले. किती तास झाले. पाळीची तारीख. या पाळीनंतर आणखी कधी निरोधाविना संबंध आला होता का. वजन किती. क्षयाची किंवा फिटची औषधे चालू आहेत का. हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला होता, पण त्याला कारण आहे. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फिटवरील काही औषधे शरीरात या गोळीचा प्रभाव कमी करतात. आपल्या देशात क्षयाचे रुग्ण किती आहेत हे लक्षात घेता हा प्रश्न दुकानातही विचारला गेला पाहिजे. तेथे तो विचारला जात असेल असे मला वाटत नाही. वजन फार असेल तरीही गोळीचा गुण कमी पडू शकतो.

मग त्यांनी उत्तरे दिली. अंगावर पाजणे थांबवण्याची गरज नाही. टाक्याचा काही संबंध नाही. पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल. पाळी थोडी पुढे-मागे होईल. ठरल्या तारखेपेक्षा आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करा. आणि ही नेहमीची सवय करू नका. त्यापेक्षा कायमचा काही उपाय योजा. सगळे मिळून नऊ मिनिटे.

या नऊ मिनिटांत वहिनीच्या अंगाला हात लावण्याची गरज एकदाही पडली नाही. माझ्या अभ्यासातून मला समजलेली मुख्य गोष्ट हीच. ताप, पोटदुखी, छातीत कळ, यांत डॉक्टरचा हात लागतो. येथे लागतात ते नेमके प्रश्न आणि खरी उत्तरे. त्यामुळे तातडीच्या गर्भनिरोधनाचा सल्ला दुरून देता येण्यासारखा आहे, आणि समोर ओळखीचा चेहरा नसल्याने उत्तरे अधिक खरी येतात. गावातल्या डॉक्टरांपुढे 'या महिन्यात आणखी कधी' या प्रश्नाला वहिनीने खाली मान घालून 'नाही' म्हटले असते. गच्चीवर तिने खरे सांगितले.

परंतु डॉक्टर बाईंनी आणखी एक सांगितले होते. सर्वांत खात्रीचा उपाय गोळी नव्हेच, तर तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर गर्भ राहण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी उरतो, आणि पुढे काही वर्षे संरक्षणही मिळते. पण तांबी फोनवरून बसत नाही. सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जायचे म्हणजे मूल कोणाकडे ठेवायचे, आईला काय कारण सांगायचे, एस.टी. कोणती धरायची, हे सारे पुन्हा आलेच. वहिनीने गोळी पत्करली. दूरच्या सल्ल्याची मर्यादा येथे उघडी पडते : जो उपाय अधिक चांगला, तो हाताने करावयाचा असल्यामुळे मागे पडतो.

दुसरी मर्यादा लगेचच दिसली. त्याच सेवेवर गोळी घरपोच मागवण्याची सोय होती. मी पिनकोड घातला तर उत्तर आले, मंगळवारी मिळेल. मंगळवार म्हणजे साठ तासांच्या पुढे, वरच्या हिशेबातला ५८ टक्क्यांचा दिवस. मुंबई-पुण्यात ती गोळी तासाभरात दारात आली असती. प्रश्न तारेवरून जातो, गोळी मात्र टपालानेच येते. शेवटी दादा मोटारसायकल काढून अठरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी गेला. तेथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. संध्याकाळी सात वाजता वहिनीने गोळी घेतली. वीस तास. पाळी चार दिवस उशिरा आली. त्या चार दिवसांत वहिनीने भाकरी किती वेळा करपवली ते मी मोजले नाही.

सुट्टी संपवून परत आल्यावर मी या व्यवस्थेचे नियम शोधून वाचले. २०२० च्या मार्चपूर्वी दुरून दिलेल्या सल्ल्याला आपल्याकडे स्पष्ट नियम नव्हते. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर लेखी संदेश, आवाज किंवा चित्र यांपैकी कोणत्याही मार्गाने सल्ला देऊ शकतो. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती आहे असे धरले जाते. दोघांपैकी कोणीही निनावी राहता कामा नये. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर द्यावयाचा आणि रुग्णाने नाव, वय, पत्ता सांगावयाचा. प्रत्यक्ष तपासणी हवी असे वाटल्यास तसे सांगण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. औषधांचेही वर्ग पाडलेले आहेत : काही कोणत्याही मार्गाने लिहून देता येतात, काहींसाठी पहिल्या वेळी चित्रफोन आवश्यक, आणि गुंगीची व तत्सम औषधे मुळीच देता येत नाहीत. शासनाची स्वतःची 'ई-संजीवनी' ही मोफत सेवाही घरबसल्या रुग्णांसाठी २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. आमच्या गावात ती कोणाला ठाऊक नव्हती, मलाही नव्हती.

नोंदणी क्रमांकाची बाब किरकोळ समजू नये. गर्भपाताच्या गोळ्यांचा संच, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल, ही अगदी निराळी औषधे आहेत. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली ती पात्र डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. बोलीभाषेत मात्र दोन्हींना 'ती गोळी' असेच म्हणतात. नोंदणी क्रमांक नसलेल्या कोणी 'ती गोळी' म्हणून काय पाठवले, हे पाकिटावरचे नाव वाचल्याखेरीज कळणार नाही. एरवी कायदाही अलीकडे बराच पुढे आला आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरण्याच्या कलमातील 'पती' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या मुदतीचा लाभ नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. पण तो टप्पा येऊच नये यासाठी तर ही गोळी आहे.

आपल्या महाविद्यालयाला कनिष्ठ विभाग जोडलेला असल्याने आणखी एक बाब सांगणे भाग आहे. अठरा वर्षांखालील मुलीला दुरून सल्ला द्यावयाचा तर सोबत सज्ञान व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळख पटवावी लागते. शिवाय २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, अठराखालील मुलीचा संबंध आल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हा नियम कोणाच्या रक्षणासाठी आहे ते मला समजते. पण सतरा वर्षांची मुलगी हे ऐकून फोन करील की तीन दिवस गप्प बसेल, याचे उत्तर आपल्या वर्गातील कोणीही देईल. जबरदस्ती झाली असेल तर मात्र मोबाइलचा मार्ग धरूच नये. २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीपासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा स्त्रीवर तत्काळ आणि मोफत उपचार करणे बंधनकारक आहे, आणि तेथे गोळीखेरीज इतर उपचारांचीही गरज असते.

दुरून सल्ला ही कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी नवी आहे असे मात्र नव्हे. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी. पुढे १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या खासगी प्रश्नांना ते छापील उत्तरे देत. जे घरच्या वैद्याला विचारता येत नाही ते दूरच्या अनोळखी माणसाला पत्राने विचारायचे, हीच ती गच्ची. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला मात्र कर्वे हरले. आज अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या डॉक्टर बाईंवर खटला होत नाही, उलट शासनाने त्यांच्यासाठी नियमावली केली आहे. एवढे अंतर आपण निश्चित तोडले. पत्राचे उत्तर येण्यास मात्र महिना लागत असे, आणि तेव्हा ही गोळी नव्हती, म्हणून महिन्याने बिघडत नव्हते.

राहता राहिली एक गोष्ट, जी मला दिवाळीत कळली आणि जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आमच्या घरापासून चौथे घर आशाताईंचे. २०११ पासून शासनाच्या घरपोच योजनेत आशाताईंकडे निरोध, गोळ्यांची पाकिटे आणि ही तातडीची गोळीही ठेवायला दिली जाते. तिची किंमत योजनेत दोन रुपये ठरलेली होती. दादाने तालुक्याला शंभराहून अधिक मोजले, पेट्रोल वेगळे. मी आशाताईंकडे जाऊन विचारले तेव्हा त्यांनी कपाटावरची पेटी खाली काढून दाखवली. तळाशी तीन पाकिटे होती.

म्हणजे रविवारी सकाळी साडेदहा वाजता, अकरा-साडेअकरा तासांतच, गोळी मिळू शकत होती. परप्रांतातल्या डॉक्टर बाईंना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि 'तुमच्या आशाताईंकडे विचारा' असे सांगण्याची सूचना त्या सेवेत कोणी घातलेली नव्हती. मी वहिनीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ठाऊक असतं तरी मी गेले नसते ताई. त्या आईंच्या भजनी मंडळात आहेत."

आशाताईंनाही मी विचारले, कोणी मागायला येते का? त्या म्हणाल्या, "लसीला येतात, लोहाच्या गोळ्यांना येतात. ह्याला कोण येणार? मीही कोणाला आपणहून सांगत नाही. उगाच म्हणतील, आमच्या सुनेला काय शिकवते." मग त्यांनी तिन्ही पाकिटे उलटी करून चष्मा लावून पाहिली. दोघांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. ती त्यांनी उपकेंद्रात परत करण्यासाठी वेगळी ठेवली आणि तिसरे माझ्या हातात देत म्हणाल्या, "वसतिगृहात राहतेस ना? असू दे जवळ."